केलेपीच्या निरोपाचं जेवण

"कुणाचं जेवण आहे ते तरी सांगशील?" केलेपीनं तिसऱ्यांदा विचारलं आणि शीग फिरवणारा होपाटे तिसऱ्यांदा खोकला.

"तुझ्या ताईंनी सांगितलंय दहा डुकरं भाजा. भाजतोय."

"अरे, पण कशाचं? लग्न नाही, बारसं नाही. पाद्रीबाबांचा वाढदिवसही होऊन गेला."

"धूर फार झालाय," असं म्हणून होपाटे डोळे पुसायला लागला. धूर तर सगळा समुद्राकडे चालला होता.

केलेपीनं नाद सोडला. पानांची जुडी नारळाच्या दुधात बुडवून तो डुकरांच्या पाठी सारवत राहिला. आठवडाभर धक्क्यावरच्या शीतगृहात मालाच्या पेट्या हलवायच्या आणि शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात डुकरं भाजायची, यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्यानं भाजलेल्या डुकराची कातडी दाताखाली कशी मोडते याची चर्चा थेट राजधानीत, नुकुअलोफापर्यंत व्हायची. फक्त गेलं वर्षभर त्यानं स्वतः एक तुकडाही तोंडात घातला नव्हता. कान कुरकुरीत व्हायला लागले की तो तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसायचा. समुद्राचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं, पण तोंडाला सुटलेलं पाणी गिळायला कुठेतरी बघावं लागतंच.

थोरला भाऊ मोसेसे साखरेनं गेला. आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय आणि मग मोसेसेच गेला. पुरून आल्यावर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी केलेपीला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघितला, बोटातून रक्त काढलं आणि म्हणाल्या, "केलेपी, रांगेत पुढचा तू आहेस. तुमच्या घरातल्या सगळ्यांनीच आता सांभाळा." त्यानं कानाला खडा लावला. मेंढीचं चरबट मांस सुटलं, डब्यातलं गोमांस सुटलं, शेवटी डुक्करही सुटलं. अळूची पानं, रताळी, कच्ची पपई, परसातला पाला एवढ्यावर तो राहायला लागला.

गावानं आधी मनसोक्त टिंगल केली. "शनिवारवाल्यांच्या देवळात नाव घातलंस काय रे?" इथून सुरुवात झाली, कारण शनिवारी देवळात जाणारे ते लोक डुक्कर खात नाहीत. मग कुणी त्याच्या फाटकावर गवताची पेंढी बांधून गेलं. केलेपी हसून सोडून द्यायचा. देवळात जाताना कमरेला गुंडाळायची चटई एक वेढा घ्यायची ती दोन वेढे घ्यायला लागली, आणि मग हळूहळू टिंगल थांबली. लोकांना सवय झाली असं त्याला वाटलं. तिथंच तो चुकला. या बेटावर खात्यापित्या घरचा माणूस बारीक होतो तो एकाच कारणानं, आणि त्या कारणाची टिंगल कुणी करत नाही.

दुपारी विमानतळावरून व्हॅन आली. तिच्यातून पहिला उतरला तो ऑकलंडचा चुलतभाऊ सामिऊ. त्याच्यामागून दोन म्हाताऱ्या आत्या आणि पाच धिप्पाड भाऊबंद उतरले, सगळ्यांच्या अंगात काळे कपडे. सामिऊनं केलेपीकडे बघितलं आणि व्हॅनचं दार धरून तो तसाच उभा राहिला. मग धावत येऊन त्यानं केलेपीला मिठी मारली आणि भर अंगणात हमसाहमशी रडायला लागला.

"केवढासा राहिलायस रे! हाताला नुसती हाडं लागतायत!"

"अरे, सोड. तेलकट हात आहेत माझे. कोण गेलं? काळे कपडे कशाला?"

"काही बोलू नकोस. दम लागेल तुला." सामिऊनं नाक ओढलं. "तुझा सूट आणलाय मी. चांगल्या दुकानातला. जुन्याच मापाचा घेतला रे, मला काय माहीत तू इतका..."

"कसला सूट?"

सामिऊनं उत्तर द्यायच्या ऐवजी पुन्हा गळ्यात पडून घेतलं. केलेपी त्याच्या खांद्यावरून बघत होता. शेजारी त्याच्या बहिणीच्या, इलाइसानेताईच्या घराचं दार उघडं होतं. आत जमिनीवर घराण्यातल्या त्या बारीक विणीच्या जुन्या चटया एकावर एक रचलेल्या होत्या. त्या मरणालाच बाहेर निघतात. मोसेसे गेला तेव्हा निघाल्या होत्या. आज त्यांच्यावर कुणालाच झोपवलेलं नव्हतं.

त्या कुणासाठी निघाल्यात ते त्याला कळलं. होपाटेनं गुपचूप मागून स्टूल सरकवलं.

मांडवात त्याला मधोमध, पाद्रीबाबांच्या शेजारी बसवलं. एरवी भाजणाऱ्याची जागा चुलीपाशी. समोर केळीच्या पानांवर डुकरं, खेकडे, मटणाच्या पुरचुंड्या अशी रास लागली होती. पाद्रीबाबा उठले, डोळे मिटले आणि गदगदून म्हणाले, "हे प्रभो, आमचा हा भाऊ तुझ्या दाराशी येऊन उभा आहे. त्याची वाट सोपी कर. त्याच्या लेकरांना..."

"थांबा!" केलेपी ओरडला.

पाद्रीबाबांची प्रार्थना मध्येच तोडणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा होता. दोनशे माणसांचे डोळे एकदम उघडले.

"मी मरत नाहीये. मला काही झालेलं नाही. मी मांस सोडलंय, म्हणून बारीक झालोय. बस्स!"

 मग मागच्या रांगेतली एक म्हातारी आत्या मोठ्यानं हुंदका देऊन म्हणाली, "मोसेसे पण अस्संच म्हणायचा गं बाई!" आणि बायकांची सगळी बाजू रडायला लागली.

केलेपीनं बायकोला शोधलं. सेइनी खांबाला टेकून खाली बघत बसली होती. तो वाकून तिच्याजवळ गेला.

"तुला माहीत होतं?"

"मी सांगून सांगून दमले," ती पुटपुटली. "साखर उतरलीय, नर्सबाई खूश आहेत, सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, मोसेसेची बायको पण शेवटच्या आठवड्यापर्यंत हेच सांगत होती. सगळे म्हणाले, मी लपवतेय. मग मलाच वाटायला लागलं, की तू माझ्यापासून लपवतोयस."

 रात्र रात्र ही बाई शेजारी जागी असायची, ती का, ते त्याला आत्ता कळलं.

तेवढ्यात ताईची लेक मांडवाच्या त्या टोकाकडून पान घेऊन आली. पानावर डुकराच्या पाठीचा तुकडा होता, मानकऱ्याचा. त्यानं स्वतःच भाजलेली लालबुंद कातडी वर तडकली होती.

"आईनं पाठवलंय मामा. म्हणाली, काही झालेलं नसेल तर खाऊन दाखव."

 या बेटावर बहीण भावापेक्षा मोठी. वयानं असो नसो, मानानं मोठीच. भावाच्या मुलांवर आत्याचा शब्द बापाच्या शब्दाच्याही वर चालतो, आणि बहिणीनं पाठवलेलं पान भावानं परत केलं असं कुणी ऐकलंही नव्हतं. केलेपीनं पान हातात घेतलं. वास थेट पोटात गेला. एक घास खाल्ला असता तर काय बिघडणार होतं? सगळे हसले असते, सामिऊनं पाठीत धपका घातला असता आणि जेवण गोड झालं असतं. पण मग ताईला वाटलं असतं, हे खाऊनही बरं राहता येतं.

त्यानं पान खाली ठेवलं.

"आईला सांग, मामा नाही खाणार."

"अरे देवा," पाद्रीबाबाच म्हणाले.

बायकांच्या बाजूला हालचाल झाली. इलाइसाने उठत होती. दोघी भाच्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. अंगानं ती मोसेसेसारखीच अवाढव्य, रंगीत झग्यावर काळी शाल घेतलेली. काठीवर भार देत, एक पाय ओढत ती मांडवाच्या मधून चालत आली आणि केलेपीच्या समोर, त्याच्याच चटईवर, धापा टाकत बसली.

लोक रडायचं विसरले. वयात आल्यापासून ही दोघं एका चटईवर बसली नव्हती. एका खोलीत टीव्ही बघितला नव्हता. केलेपी तिच्या घरात शिरताना खोकायचा, ती असेल तर बाहेरूनच वळायचा. भाऊबहिणीनं एकमेकांच्या अंगाबद्दल, दुखण्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. आईबापांनी हे शिकवताना छडी वापरली होती आणि दोघांनी ते जन्मभर पाळलं होतं.

केलेपी मान खाली घालून बसला.

"वर बघ," ताई म्हणाली. "सेइनीकडून नको, पोरीकडून नको. तू सांग. मरणार आहेस का?"

"नाही, ताई."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

"मग हे काय चालवलंयस वर्षभर?" तिचा आवाज चिरकला. "रोज सकाळी खिडकीतून तुला कामावर जाताना बघते मी. रोज थोडा थोडा कमी! मी पोरीला म्हणायचे, बघ, गेला हाही. बरं, सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार होतो?" केलेपीचा बांध फुटला. "नर्सबाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांनी सांभाळा. सगळे म्हणजे कोण? मोसेसे गेला, उरलो आपण दोघं. तुझ्या अंगाबद्दल माझ्या तोंडून शब्द निघाला असता तर आपल्या बापानं थडग्यातून उठून माझं थोबाड फोडलं असतं. मला वाटलं, आपण करून दाखवावं. ताई बघेल. हा पाला खाऊन बरा होतोय, आपणही करावं, असं तिला वाटेल. आणि तू..." त्यानं मांडवाकडे, डुकरांकडे, काळ्या कपड्यांकडे हात केला. "तू माझं मरणाचं जेवण घातलंस!"

इलाइसाने त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं शेजारणीला विचारावं तसं साधं विचारलं, "हे सगळं माझ्यासाठी होतं?"

केलेपीनं मान हलवली.

"बावळट," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "केवढा बावळट आहेस रे. मला एवढंच दिसलं, की तू आटतोयस."

तिनं इकडेतिकडे बघितलं. भाच्यांना सांगितलं, "मागे सरा गं." आणि काठी बाजूला ठेवून तिनं झगा गुडघ्यापर्यंत वर घेतला. डाव्या पावलाला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली होती. ती एक एक वेढा सोडत गेली. शेवटचे वेढे चिकटले होते. भाजलेल्या मांसाच्या एवढ्या घमघमाटातही तो दुसरा वास सगळ्यांना आला. पाद्रीबाबा उठून उभे राहिले. सामिऊनं तोंडावर हात दाबला. अंगठा आणि शेजारचं बोट कोळशासारखं काळं पडलं होतं, आणि तो काळेपणा वर घोट्याकडे निघाला होता.

"ईस्टरपासून आहे," इलाइसाने म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं, चुलीपाशी भाजलं. दुखतच नाही मेलं. म्हटलं, आधी तुझं होऊन जाऊ दे, मग बघू. दोन दोन मरणं एकदम झाली तर पोरांनी काय करायचं?"

केलेपीनं मोसेसेचं असलंच पाऊल बघितलं होतं. तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, आता सगळं कळत होतं. त्याच्या कानात नुसता समुद्र वाजत होता. एका भिंतीपलीकडे त्याची बहीण सडत होती आणि तो पपई चिरून खात होता, बारीक होत होता आणि कधीतरी तिच्या लक्षात येईल म्हणून वाट बघत होता. ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडायचं ते कळेना.

"होपाटे," तो म्हणाला, "गाडी काढ."

"भट्टी विझवू?"

"मरू दे भट्टी. गाडी काढ!"

होपाटेची मालवाहू गाडी अंगणात मागे मागे येत मांडवाला टेकली. इलाइसानेला उचलणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. घरातली वरची चटई आणली, तिच्यावर तिला घेतलं आणि ऑकलंडहून शवपेटी उचलायला आलेल्या सहा जणांनी तिचे काठ धरले. सामिऊ सगळ्यात पुढे होता. जुनी चटई करकरली, पण टिकली.

"मला एकटीला नाही जायचं," वर ठेवल्यावर ती म्हणाली. लहान मुलीसारखा आवाज झाला होता.

"मी आहे," केलेपी म्हणाला आणि मागे चढला.

कुणीतरी म्हणालं, सेइनीला बसू दे, भावानं बसणं बरं दिसत नाही. केलेपीनं तिकडे बघितलंही नाही. त्या एका आत्येनं तोंडाला पदर लावावा तशी शाल लावली आणि बाकीच्यांनी माना वळवल्या. मांडवात पानं तशीच मांडलेली राहिली, एकानंही हात लावला नव्हता.

दवाखान्याकडे जाणारा रस्ता पावसाळ्यापासून खड्ड्यांनी भरलेला होता. पहिल्या हिसक्याला पाऊल फळीवर आपटलं. इलाइसानेला कळलंसुद्धा नाही, पण केलेपीला ते बघवेना. त्यानं हात पुढे केले, मध्येच थांबला आणि मग ते पाऊल दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतलं. ताईनं डोळे मिटले आणि तोंड पलीकडे फिरवलं. पुढे काय होणार, डॉक्टर कुठून कापायला सुरुवात करतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. गाडी जिथं जिथं उसळत होती, तिथं तिथं केलेपी हात थोडे वर उचलून धरत होता.