बिनवासाची धुलाई

"यशपालभाऊ, वास नाही ना? नक्की?"

सिद्धेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी होती. हॉलमध्ये यशपालनं धुऊन आणलेला गालिचा पसरला होता. अत्तर, उदबत्ती, फिनेल, कसलाही वास आला की तिचा दम अडकायचा. गेल्या दिवाळीत शेजारच्यांच्या उटण्यानं तिला दवाखान्यात पोचवलं होतं.

यशपाल गुडघ्यांवर बसला. गालिच्याला नाक टेकवून त्यानं खोल श्वास घेतला. धंद्यातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण. 'बिनवासाची धुलाई' अशी पाटी लावणारा सोलापुरात तो एकटाच होता. साथीतल्या तापापासून त्याला कसलाच वास येत नाही, हे ठाऊक असलेलीही सोलापुरात एकटीच होती, त्याची बायको. मनाली प्रत्येक गालिचा हुंगायची, "जाऊ द्या" म्हणायची, मगच टेम्पो निघायचा. दुकानाचं नाक घरी राहायचं, गिऱ्हाइकाकडं नुसता अभिनय जायचा. आजही ती "जाऊ द्या" म्हणाली होती.

पण मघाशी गालिचा पसरून तो गालिच्याखाली घालायची रबरी जाळी आणायला खाली टेम्पोकडं गेला. परत आला तर गालिच्यावर बारीक ओले थेंब. सिद्धेश्वरीच्या सासूबाई, महानंदाबाई, पदराआड वाटी धरून आत चालल्या होत्या.

थेंब कशाचे, ते त्याला बघताक्षणी कळलं. निदान तसं वाटलं. आडनाव, वस्ती विचारून झाली की काही घरांत अशी वाटी निघते. त्याचा हात लागलेली वस्तू पाणी शिंपडून शुद्ध करून घेतात. आडनाव तर महानंदाबाईंनी जिन्यातच विचारलं होतं. आपण विचारलं, तर उत्तर ऐकावं लागतं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. शिंपडू दे. पाण्याला कुठं वास असतो?

"नाही, ताई. अजिबात नाही."

सिद्धेश्वरीनं ओढणी खाली घेतली. नणंदेला बघायला अक्कलकोटचे पाहुणे येणार होते. तोंड झाकून चहा कसा द्यायचा? ती गालिच्यावर आली. आधी घसा खाकरला. मग हसून म्हणाली, "खिडकी उघडा की." खिडकी उघडीच होती. ती भिंत धरून खाली बसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, ओठ निळसर झाले. नणंद पंप आणायला धावली.

"यव्वा! एवढंसं केवड्याचं पाणी शिंपडलं गं!" महानंदाबाई ओरडल्या. "लोकास्नी धुतल्याचं कळाय नको? वास न्हाय तर पाहुणे म्हणायचे, गालिचा धुतलाच न्हाय." मग त्या यशपालकडं वळल्या. "आन तू रं? नाक टेकवून सांगितलंस की, वास न्हाय म्हणून!"

यशपालकडं दोन उत्तरं होती. एक नाकाचं, एक वाटीचं.

पंपानं काही झालं नाही. तिला उचलून रिक्षात घातलं, त्यानंही हात लावला. त्या वेळी कुणी काही शिंपडलं नाही. रिक्षा वळली तशी घरी थांबलेल्या नणंदेनं गालिचा जिन्यात ढकलला. "घेऊन जावा हे."

घरी पोचेपर्यंत त्यानं सिद्धेश्वरीच्या नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावला. वाजत राहिला.

मनाली दारात आली आणि तिथंच थांबली. पदर नाकाला लावत म्हणाली, "अहो, काय आणलंय हे? पार कोपऱ्यापासनं केवडा येतोय."

यशपाल टेम्पोत चढला. गुंडाळलेल्या गालिच्यात तोंड खुपसून तो श्वास ओढत राहिला, पुन्हा पुन्हा, लोकरीचे धागे नाकात जाईपर्यंत.