अकोल्याच्या टेपमधले एकोणीस सेकंद

अकोल्याचं काही आपल्यापेक्षा चांगलं आहे, हे अमरावतीच्या माणसाकडून कबूल करून घेणं सोपं नाही. पण ‘फाटक’च्या बाबतीत अमरावतीकरांनीही हात टेकले होते.

‘फाटक’ म्हणजे गाणं. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या चार पोरांनी १९८९ साली ‘डाउन लाइन’ नावाचा रॉक बँड काढला, मागून आणलेल्या गिटारींवर तीन वर्षं कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये धुमाकूळ घातला, आणि मग ज्याला जिथे नोकरी लागली तिथे तो निघून गेला. स्टुडिओची पायरी त्यांनी कधी चढली नाही. मागे उरल्या त्या प्रेक्षकांत बसून टेप केलेल्या तीन कॅसेटी: अमरावती नव्वद, अकोला एक्याण्णव आणि परतवाडा ब्याण्णव. तिन्हींत ‘फाटक’ आहे आणि तिन्हींत ते वेगळं वाजलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी गायक प्रीतम तायडे हार्ट अटॅकने गेला. तेव्हा कोणीतरी ते गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि बघता बघता ‘फाटक परिवार’ उभा राहिला. त्रेचाळीस सभासद, सगळे पन्नाशीच्या पुढचे. सकाळी उठून बीपीची गोळी घ्यायची आणि भांडायला बसायचं. कोणी म्हणे, अमरावतीची चाल फास्ट आहे, खरा रॉक तोच. कोणी म्हणे, परतवाड्याची गिटार ऐका आणि मग तोंड उघडा. बँकेतून रिटायर झालेले खुशालराव हे या परिवाराचे स्वयंघोषित कुलगुरू. त्यांनी तिन्ही टेपा इतक्या वेळा ऐकल्या होत्या, की ड्रमवाल्याची काठी कुठे निसटली तेही ते सांगत.

सगळी भांडणं शेवटी अकोल्यापाशी येऊन थांबायची. अकोल्याच्या टेपमध्ये दुसऱ्या कडव्यानंतर वाद्यं एकदम थांबतात. मग एकोणीस सेकंद काहीही नाही. मग प्रीतम असा काही ओरडून उठतो, की ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. ते शेवटचं कडवं तो गात नाही, अंगावर घालतो. बाकीच्या दोन्ही टेपांमध्ये ती शांतता नाही आणि तसं कडवंही नाही. खुशालरावांनी त्या शांततेवर तीन भागांत लेख लिहून ग्रुपवर टाकला होता. हजार पोरांना एकोणीस सेकंद श्वास रोखून धरायला लावणारा गायक पुन्हा होणे नाही, असा त्याचा सारांश.

ही टेप करणारा माणूस होता सौमित्र. आता अमरावतीच्या कोर्टात वकील, तेव्हा प्रीतमचा वर्गमित्र. खुशालरावांनी पहिल्यांदा विचारलं, ‘वकीलसाहेब, तुमी तं समोर होते, तो थांबला कसा?’ तेव्हा सौमित्र म्हणून गेला, ‘मनानेच थांबला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.’ एकदा म्हटल्यावर ते दर महिन्याला म्हणावं लागलं. लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत आणि त्याला आपलीच लाज वाटे.

खरं असं होतं की प्रीतम मनाने थांबला नव्हता. दुसरं कडवं संपताना तिसऱ्या रांगेतून एक जण ओरडला होता, प्रीतमच्या जातीवरून, आरक्षणावरून. हॉल हसला होता. प्रीतमने हात वर करून वाद्यं थांबवली होती आणि माईकवर त्या माणसाला उत्तर दिलं होतं. ते सगळं टेपवर आलं होतं, स्वच्छ.

ओरडणारा होता नारायण, सौमित्रचा सख्खा चुलतभाऊ. सौमित्र अकोल्यात त्याच्याच घरी उतरला होता. सकाळी काका म्हणाले, ‘चहा झाला की ऐकवा बरं काल काय गोंधळ घातला तो.’ काकू पोहे परतत होती. पोराचं ते ओरडणं आईबापांसमोर वाजलं असतं तर घरात केवढं वाजलं असतं! सौमित्र आतल्या खोलीत गेला, नारायणच्याच टेपरेकॉर्डरला कॅसेट लावली आणि पिनेचं मोकळं टोक माईकच्या जागेत खुपसून, म्हणजे माईक बंद करून, तेवढ्या जागेवर रेकॉर्डचं बटण दाबलं. मग पोहे खाल्ले. पाहुण्याने यजमानाचा मान राखला, एवढंच तेव्हा त्याला वाटलं होतं, आणि नारायणने पाठीवर मारलेली थाप त्याने घेतलीही होती.

आठवड्याने प्रीतमने टेप ऐकली. त्या जागी आल्यावर त्याने एकदा सौमित्रकडे पाहिलं, म्हणाला, ‘चांगली आली,’ आणि कॅसेट परत दिली. भांडला असता तर बरं झालं असतं. पुढे परतवाड्याला जाताना त्याने टेप करायला दुसऱ्याला नेलं. तीस वर्षांत दोघं लग्नाकार्यात भेटले, हसले, बोलले. सौमित्र प्रत्येक वेळी ठरवून जायचा की आज विषय काढायचा, आणि प्रत्येक वेळी जेवून परत यायचा. मग प्रीतमच गेला.

यंदा परिवाराने अकोल्यातच मेळावा ठरवला. रविवारी सकाळी अकरा वाजता, एका शाळेचा हॉल. अकोल्याचं ‘फाटक’ सर्वोत्तम म्हणून जाहीर करायचं, आणि मूळ कॅसेट प्रीतमच्या मुलीच्या हाती द्यायची. बडनेऱ्याहून गाडीत बसल्यापासून खुशालराव सौमित्रला बजावत होते, ‘तुमी शांततेवर बोला. दहा मिनिटं. बाकी मी सांभाळतो.’ सौमित्रच्या खिशात कॅसेट होती.

प्रीतमची मुलगी दीपमाला लवकर आली होती. अठ्ठावीस-तीस वर्षांची, अकोल्यातच एका शाळेत विज्ञान शिकवणारी. कपाळ थेट प्रीतमचं. तिने सौमित्रला बाजूला घेतलं.

‘काका, एक विचारू? मी हे गाणं रोज ऐकते, कानाला हेडफोन लावून. पूर्ण गाण्यात मागं जनरेटर चालू हाये. धडधड ऐकू येते. त्या एकोणीस सेकंदात तो बी बंद होते. मंग पुन्हा चालू. जनरेटर काहून थांबंन?’

त्रेचाळीस कानसेनांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. सौमित्र म्हणाला, ‘टेप जुनी आहे, बेटा. कुठे कुठे उडते.’

‘असंन,’ ती म्हणाली. तिने लगेच विश्वास ठेवला, हेच वाईट झालं. ‘मले वाटलं, बाबा तिथं काही बोलले असतीन. गाणं हाये त्यायचं माह्याजवळ, पण बोलणं नाई. फोनवरचे व्हिडिओ सगळे त्यायच्या फोनसंगं गेले. घरात ते कसे बोलत, ते मी ईसरून राहिली. म्हणून विचारलं.’

इतकी वर्षं तो समजत होता की आपण एका गाण्यातला वाद खोडला. आपण एका माणसाचा आवाज पुसला, हे त्याला आज या मुलीने सांगितलं, तेही नकळत.

कार्यक्रम सुरू झाला. खुशालरावांनी तिन्ही ‘फाटक’ ओळीने वाजवली. अमरावतीला टाळ्या, परतवाड्याला शिट्ट्या. अकोल्याच्या शांततेला पन्नास माणसं मान खाली घालून बसली, देवळात बसल्यासारखी. सौमित्रच्या कानाला आज पहिल्यांदा जाणवलं की ती शांतता किती मेलेली आहे. शेवटचं कडवं उसळलं तेव्हा प्रीतम का पेटला होता, हे हॉलमध्ये त्याला एकट्यालाच माहीत होतं. खुशालरावांनी त्याचं नाव पुकारलं.

तो माईकपाशी गेला आणि म्हणाला, ‘ही शांतता प्रीतमची नाही. माझी आहे. मी ती जागा पुसली.’

मग त्याने सगळं सांगितलं. नारायणचं नाव घेतलं, काकांचा चहा सांगितला, पोहे सांगितले. वकिली आयुष्यभर केली, पण इतकं सरळ तो कधी बोलला नव्हता. खुशालरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांचे तीन भाग एका मिनिटात गेले होते, पण त्यांची कीव करायला सौमित्रला सवड नव्हती. बोलता बोलता त्याला हलकंही वाटू लागलं होतं, आणि त्या हलकेपणाचीच त्याला शरम वाटली.

पहिल्या रांगेतून दीपमाला उठली. हातात फोन होता. ‘काका,’ ती म्हणाली, ‘तुमाले आठवत असंन ना? तुमीच बोला. मी रेकॉर्ड करते. जसं होतं तसं.’

‘सगळं आठवतं,’ सौमित्र म्हणाला. तेवढी खात्री त्याला होती. तीस वर्षांत असा महिना गेला नव्हता की ती जागा त्याच्या मनात वाजली नाही.

तिने बटण दाबलं. सौमित्रने डोळे मिटले.

‘नारायण ओरडला, “ए कोट्यातल्या, बस कर आता! फाटक तुले फुकटात उघडलं, आमाले कोण उघडंन? उतर खाली, दुसरा येऊ दे!”’ नारायणचा हेलसुद्धा त्याच्या गळ्यातून जसाच्या तसा निघाला. ‘मग हॉल हसला. मग प्रीतमने हात वर केला आणि म्हणाला, “सौमित्र, टेप चालू ठेव.” मग तो म्हणाला...’

प्रीतमचा चौकड्यांचा शर्ट दिसत होता. माईकच्या दांड्यावरची मूठ दिसत होती. ओठ हलताना दिसत होते. सौमित्र त्या ओठांकडे बघत उभा राहिला. हॉलमधले पंखे फिरत होते, मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. त्याने पुन्हा सुरुवात केली, ‘मग प्रीतम म्हणाला,’ आणि पुन्हा तिथेच थांबला. शब्द नव्हते. एकही नव्हता.

दीपमालाने बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला. मग तो बंद केला आणि पर्समध्ये टाकला. तिचा आवाज चढला नाही.

‘काका,’ ती म्हणाली, ‘त्या मानसाचं तं सगळं पाठ हाये तुमाले.’