निळ्या वायरीवरचा चिखल

मी कर्जतकडच्या एका भात संशोधन केंद्रातला संगणक बोलतोय. मला सगळे सर्व्हर म्हणतात. अकरा वर्षं मी एकाच भाताच्या नोंदी सांभाळतोय. आठ-आठ दिवस पुराच्या पाण्यात बुडूनही न कुजणारा भात आहे तो. त्याची उंची, लोंब्या, दाणे, सगळं माझ्या पोटात. दुसरी प्रत कुठेच नाही. प्रत ठेवायची डिस्क दिवाळीतच बिघडली आणि ‘नवी मागवू’ म्हणता म्हणता लावणी आली. माणसांचं हे असंच असतं.

विनिता भोईर माझी मालकीण. म्हणजे कागदावर केंद्र मालक, पण माझा पंखा घरघरला की धावत येते ती हीच. या भातासाठी तिनं उमेदीची वर्षं चिखलात घालवली.

माझा पासवर्ड मात्र कुणी पाठ करत नसे. दर पावसाळ्यात आमचा शेतगडी पदू पहिल्या बांधावर पाटी लावतो. त्यावर लाल रंगात भाताचं नाव, वाफ्याचा नंबर आणि साल. तोच माझा पासवर्ड! शेतातून आलेला माणूस खिडकीतून पाटी वाचायचा आणि टाइप करायचा. मला लाज वाटायची, पण मला विचारतो कोण? यंदा तर त्या पाटीशेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला आणि थेट केंद्राच्या वेबसाइटवर टाकला.

खालापूरला दरडींचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिथले संगणक फराह बघते. त्यांच्याकडे इंटरनेटवरून चोर शिरला आणि सगळ्या फायलींना कुलूप लावून गेला. ‘बोभाटा नको,’ असं तिचे साहेब म्हणाले. पण चोराच्या मागे राहिलेल्या यादीत तिला आणखी पाच केंद्रांची नावं दिसली. तिसरं नाव माझं आणि त्यापुढे माझा पासवर्ड, फोटोतल्या पाटीवरून जसाच्या तसा उचललेला. साहेबांना न विचारता तिनं संशोधन केंद्रांच्या ग्रुपवर इशारा टाकला. विनिता शेतात, तिचा मोबाइल खणात. मग फराहनं आमच्या खोलीतला फोन लावला.

चोर तोवर आत आला होता. एकेक कप्पा उघडून बघत होता. मला ओरडता येत नाही हो!

पदू लावणीची दोरी न्यायला आला होता. त्यानं फोन उचलला.

“दादा, तुमच्या सर्व्हरमध्ये चोर शिरतोय!”

“चोर? अवो ताई, मी हितंच हाय. हितं कोन बी नाय.”

“तो दिसायचा नाही. सर्व्हरच्या मागची इंटरनेटची निळी वायर उपटा आधी, मग काय ते विचारा!”

पदूनं चिखलाच्या हातानंच वायर खेचली. चोर जागच्या जागी तुटला. मग पदू बांधावरून बोंबलत पळाला, “म्याडम, चला वो लवकर!”

विनितानं दिवसभर एकेक नोंद तपासली. अकरा वर्षांतलं एकही पान हललं नव्हतं. तिनं माझ्या पत्र्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. सुटलो बाबा, असं मलाही झालं.

संध्याकाळी तिनं ग्रुपवर पाटीचा फोटो टाकायला घेतला. आमचे साहेब म्हणाले, “आपलं हसं कशाला करून घेतेस?”

“सर, फराहनं असाच विचार केला असता तर?”

तिनं सगळं लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं एका केंद्रातून उत्तर आलं, ‘आमचाही असाच होता. आत्ताच बदलला.’ मग दुसरं. मग तिसरं.

आता नवी डिस्क आली आहे आणि माझा पासवर्ड चांगला लांबलचक आहे. पदूला सांगायला गेले तर तो म्हणाला, “मला नका सांगू रं बाबांनो, मी पाटीवर लिवीन!”

मी जुना झालोय. पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा येईल. तुमच्याकडे चोर शिरला तर लाजू नका, शेजाऱ्याला आधी हाक मारा, एवढंच सांगणं. आणि मला हलवाल तेव्हा निळ्या वायरीवर पदूच्या बोटांचा चिखल वाळलेला दिसेल. तो तेवढा पुसू नका.