चपलेच्या तळव्याचा नाकतोडा

दातवाल्यांना सगळे दातवालेच म्हणत, कारण उभी हयात त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्याच हातांनी ते ट्राउट मासे पकडायच्या खोट्या माश्या बांधू लागले. गळावर रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यात पिसांचे तंतू गुंफायचे, वर इवलेसे पंख उभे करायचे. एका माशीत अख्खी दुपार जाई. गावच्या मासेमारी मंडळाने त्यांच्या माश्या काचेच्या पेटीत मांडून ठेवल्या होत्या. नदीतले मासे मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत, पण तसं काही पेटीवर लिहिलेलं नव्हतं.

अलीकडे काही लोक फोमचे किडे बांधू लागले होते. फोमची पट्टी कापायची, गळावर दुमडायची, दोन ठिकाणी दोऱ्याने आवळायची, बाजूला रबराचे पाय सोडायचे, की झाला नाकतोडा तयार. दातवाले या लोकांना अक्षरशः पाण्यात पाहत.

"फोम चपलेत घालायचा असतो," ते मंडळात ठणकावून सांगत. "नदीत नव्हे."

यात अडचण एवढीच होती की चपलांचं दुकान त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं होतं. दुकानात फोमच्या तुकड्यांना तोटा नव्हता. एका गिऱ्हाइकाने तिला नाकतोडा बांधायची युक्ती दाखवली आणि तिला तो नादच लागला. गिऱ्हाईक चप्पल घालून आरशासमोर फेऱ्या मारेपर्यंत ही इकडे एक किडा बांधून मोकळी. एकदा तिने मुद्दाम एक पिवळाजर्द नाकतोडा भावाच्या गळांच्या डबीत टाकून दिला.

"हे काय ध्यान?" दातवाले म्हणाले.

"राहू दे रे दादा. चावत नाही तो."

फेकून द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण राहून गेलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस मंडळाचा नदीवरचा दिवस ठरला. जो तो आपापली जागा धरून पांगला. दातवाल्यांच्या वाट्याला आलेल्या वळणावर कमरेएवढं गवत होतं आणि वारा सुटला होता. वाऱ्याच्या झोतासरशी गवतातले नाकतोडे धप्पकन पाण्यात पडत, आणि खालून मासे उसळून त्यांना गट्ट करत. त्या धांदलीत दातवाल्यांची रेशमी माशी नववधूसारखी मान खाली घालून तरंगत राहिली. मासे तिच्या दोन्ही बाजूंनी जेवून गेले.

दुपारपर्यंत त्यांनी कळ काढली. मग इकडेतिकडे पाहिलं, डबी उघडली आणि चोरासारखा तो पिवळा नाकतोडा दोरीला बांधला. टाकण्यातही काही कसब नव्हतं. तो चपलेसारखाच पाण्यावर आपटला. पाणी फुटलं, दोरी ताणली गेली, काठीची कमान झाली. दातवाले गुडघाभर पाण्यात धडपडत, पुटपुटत, एकदाचे त्या माशाला जाळीत घेऊन काठावर आले. एवढा मोठा मासा त्यांनी जन्मात धरला नव्हता.

तेवढ्यात गवतातून मंडळाचे अध्यक्ष येताना दिसले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. चहा मागायचा तरी निकाल दिल्यासारखा मागणार. दातवाल्यांनी घाईघाईने दोरी तोडली आणि नाकतोडा लांब भिरकावला. तो पलीकडच्या झाडाच्या फांदीत जाऊन अडकला.

"वा! कशावर लागला हो?" अध्यक्षांनी विचारलं.

दातवाल्यांचा हात आपोआप टोपीकडे गेला. तिथे त्यांचीच एक रेशमी माशी टोचलेली होती.

"हिच्यावर," ते म्हणाले. आणि जीभ एकदा घसरली ती घसरतच गेली. "सोनपंखी म्हणतात हिला."

झालं! मंडळात जो तो सोनपंखी मागू लागला. दातवाल्यांनी दुपारमागून दुपार खपून सगळ्यांना बांधून दिल्या. देताना वाटायचं, आता पितळ उघडं पडणार, दुसरं काय! पण झालं भलतंच. गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला, सोनपंखीवर दोन मोठे मासे लागले. बेकरीवाल्याने रस्त्यात गाठून पाठ थोपटली. अध्यक्षांनी तर भर सभेत सांगितलं की सोनपंखी ही या नदीला पडलेलं स्वप्न आहे.

ऐकून ऐकून दातवाल्यांनाच वाटायला लागलं की आपल्या हातात खरोखर काहीतरी असावं. एक दिवस ते सोनपंखी घेऊन नदीवर गेले आणि संध्याकाळी हात हलवत परत आले. दुसऱ्या खेपेसही तेच. सगळ्या गावाला पावणारी माशी तिच्या जन्मदात्यावरच का रुसली, कुठे माशी शिंकली, त्यांना काही केल्या कळेना. शेवटी लाज गुंडाळून ठेवून ते धाकटीच्या दुकानात निघाले.

दुकानात स्टुलावर अध्यक्ष बसले होते. एका पायात स्वतःचा बूट, दुसऱ्या पायात बाथरूमची निळी चप्पल, आणि मांडीवर बुटांचा उघडा खोका. खोक्यात फोमचे नाकतोडे दाटीवाटीने पडले होते.

दातवाल्यांना बघून अध्यक्षांनी खोक्याचं झाकण लावलं.

"चप्पल बघत होतो," ते म्हणाले.

"मीही चप्पलच घ्यायला आलोय," दातवाले म्हणाले.

"इथल्या चपला टिकाऊ असतात म्हणे."

"हो. बुडत नाहीत."

हे तोंडातून कसं निसटलं ते दातवाल्यांनाही समजलं नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला, निळी चप्पल बांधून घेतली आणि खोका काखेत मारून, पायऱ्या मोजत असल्यासारखे खाली मान घालून निघून गेले.

धाकटी हसून हसून लाल झाली होती. "सगळं मंडळ येतं माझ्याकडे," ती म्हणाली. "डॉक्टर, बेकरीवाला, सगळे. आणि प्रत्येक जण सांगतो, दातवाल्यांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल."

"आणि माझी सोनपंखी?"

"ती टोपीला लावतात. छान दिसते म्हणतात."

दातवाले बाकावर बसले आणि म्हणाले, "दाखव कसा बांधतेस ते."

तिने दाखवलं. पण दातवाल्यांचा हात ऐकेना. त्यांनी नाकतोड्याच्या गुडघ्यांना गाठी मारल्या, डोळ्यांत टाचणीने बुबुळं काढली, मिशांना कात्री लावली.

"पुरे की आता!" धाकटी म्हणाली. "माशाला तो खायचाय, जावई करून घ्यायचा नाहीये."

पुढच्या सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला: मंडळाच्या स्पर्धांत फोमला कायमची बंदी, आणि सोनपंखी हे मंडळाचं बोधचिन्ह. सगळ्यांचे हात वर गेले. दातवाल्यांना ते असह्य झालं. ते उठून उभे राहिले.

"मंडळी, तो मोठा मासा मी फोमच्या नाकतोड्यावर पकडला. सोनपंखीवर आजवर एक मासा लागलेला नाही. मला तरी नाही."

डॉक्टर पंख्याकडे बघू लागले. बेकरीवाल्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग अध्यक्ष सावकाश उठले.

"पाहिलंत?" ते सभेकडे वळून म्हणाले. "एवढं यश, आणि हा विनय! माणसाने स्वतःला किती कमी लेखावं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दातवाले काही बोलू गेले, पण टाळ्या थांबायलाच तयार नव्हत्या. ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्यांच्या गळ्यात हार पडला.

सुटीच्या दिवशी ते धाकटीला घेऊन नदीवर गेले. एवढे किडे बांधूनही तिने पाण्यात काठी कधी धरली नव्हती. तिचा नाकतोडा पडला, तरंगला, आणि एकदम गायब झाला.

"दादा, ओढतोय हा! सोडू का? धरू का? अरे, बोल ना!"

"धर! काठी वर कर! त्याला पळू दे, पळू दे... आता हळूहळू जवळ घे." ओरडून ओरडून दातवाल्यांचा घसा बसला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना मजा येत होती.

मासा काठावर आला तेव्हा वरच्या वळणावर एक ओळखीची आकृती दिसली. अध्यक्ष गवतात उकिडवे बसून दोरीला काहीतरी पिवळं बांधत होते.

दातवाल्यांनी सभ्यपणे पाठ फिरवली आणि धाकटीलाही फिरवायला लावली.