कुंकवात बुडालेला चिनी वीर

माझं तोंड अख्ख्या डिचोलीला ठाऊक आहे. पण त्या सकाळी माझीच बोबडी वळायची वेळ आली होती. माझ्या पाच वर्षांच्या ताराला देवी येऊन सात दिवस झाले होते, आणि जपानी साहेब आपलं चित्र परत न्यायला येणार होता.

साहेब खाणीवरचा माल तपासायला आलेला. माझा घोव कृष्णनाथ त्याच्या हाताखाली खनिजाचे नमुने भरायचा. महिनाभर फिरतीवर जाताना साहेबाने विश्वासाने चित्र आमच्याकडे ठेवलं. लाकडी ठशांनी छापलेलं, त्याच्या आजोबांच्या वेळचं. दाढीवाला, डोळे वटारलेला, हातात तलवार, पायाखाली राक्षस. चीनमधला जुना वीर, रोगराईचे राक्षस मारतो म्हणे. मी म्हटलं, मग हा आमचा गावराखण्या वेताळच की! तारा तापली तसं ते मी तिच्या उशाशी टांगलं. आधी त्या वीराच्या कपाळाला कुंकू लावलं, मग पायांना, आणि भीती वाढत गेली तसं सगळीकडे.

माझ्या तोंडाला घाबरून घोव सात दिवस गप्प होता. दारात जीप वाजली मात्र, त्याने चित्र खिळ्यावरून काढलं आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. नोकरी गेली, एवढंच पुटपुटत होता. मी फडकं आणि चित्र दोन्ही हिसकावून घेतलं. देवी घरात असताना घरातली वस्तू बाहेर द्यायची नसते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

दाराला कडुनिंबाचा टहाळा बघून साहेब थबकला. कृष्णनाथाने हात जोडून इंग्रजीत सांगितलं, आत येऊ नका, पोरीला देवी आल्यात. तरी तो बूट काढून आत आला. माझ्या हातातल्या चित्राकडे बघत उभाच राहिला.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "पोर उठेपर्यंत चित्र मिळायचं नाही. तुम्हाला कामावरून काढलं तरी."

घोवाने खाली मान घालून ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. साहेबाने टोपी काढली. तेव्हा कुठे मी त्याचा चेहरा नीट पाहिला. कपाळभर, गालभर देवीचे वण. तो हळू बोलला, घोवाने मला सांगितलं. लहानपणी देवी आल्या तेव्हा त्याच्या आईनेही याच वीराचं असंच लाल चित्र उशाशी लावलं होतं; त्यांच्याकडे देवीवर लाल रंगाचाच उतारा. त्याखाली दोघे भाऊ निजले होते.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

माझे शब्द त्याला कळले नाहीत, पण प्रश्न कळला. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

तारा पुढे उठली, पेज मागून प्याली, ते सगळं नंतर. त्या घडीला साहेबाने माझ्याकडून चित्र घेऊन स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला लावलं, माझ्या करंड्यातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि कुठे लावू म्हणून माझ्याकडे बघितलं. मला जागाच दाखवता येईना, इतकं मी ते लाल करून ठेवलं होतं.