किल्ली काढायचा अधिकार

“अंकलजी, लड़का आपका पढ़ा-लिखा है. आप ही समझाओ इसे.”

चौकीतल्या साहेबांनी टेबलावरचा मोबाइल एका बोटाने बळवंतरावांकडे सरकवला. “वीडियो हटाए, सिपाही से माफ़ी माँगे और घर जाए. नहीं तो सरकारी काम में बाधा का केस बनता है. लिखने बैठूँ क्या मैं?”

बळवंतराव उभेच होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं, आणि जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला बसा म्हटल्याशिवाय बसता येत नाही.

भिंतीलगतच्या बाकावर निखिल होता. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, निलंग्याहून दिल्लीला परीक्षेच्या अभ्यासाला आलेला आणि काकांच्याच घरी राहिलेला. डाव्या गालावर बोटं उमटली होती. मांडीवर हेल्मेट होतं आणि पायाशी पिशवीत नारळ. केंद्राच्या परीक्षेत पोराची निवड झाली, पोलीस पडताळणी झाली की नेमणुकीचं पत्र येणार, म्हणून घरी आज नारळीभाताचा बेत होता. मीनाक्षीकाकूंनीच त्याला बळवंतरावांची मोटारसायकल देऊन आयएनए मार्केटला पिटाळलं होतं.

झालं होतं ते एवढंच. सिग्नलच्या पुढे तपासणी चालू होती. शिपायाने हात केला, निखिल थांबला. लायसन, गाडीचे कागद, विमा, सगळं मोबाइलवर होतं. ते तो दाखवणार, तेवढ्यात शिपायाने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. निखिल आवाज न चढवता म्हणाला, “चाबी निकालने का अधिकार आपको नहीं है. ग़लती है तो चलान बनाइए, रसीद दीजिए.” आणि त्याने कॅमेरा चालू केला. शिपायाने कानफटात दिली. ती कॅमेऱ्यात आली, आणि तिथेच घोडं अडलं.

किल्लीचं ते वाक्य बळवंतरावांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा.

सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये रोज रात्री जेवताना कायद्याचा वर्ग भरायचा. किल्ली काढायचा अधिकार कुणाला नाही. पावतीशिवाय दंड नाही. अंगावरच्या गणवेशावर नाव नसेल तर नाव विचारायचं, घाबरायचं नाही. मीनाक्षीकाकू म्हणायच्या, “अहो, आमटी निवतेय. कायदा मागून वाढा.” मुलगी कादंबरी दिल्लीतच वाढलेली, ती “पप्पा यार, चलो ना, बस झालं,” म्हणत ताट उचलून उठायची. ऐकायचा तो एकटा निखिल. घास हातात धरून ऐकायचा. इतक्या मन लावून ऐकणारं माणूस बळवंतरावांना ऑफिसात कधी मिळालं नव्हतं, घरातही नाही. मग काय, ते आणखी रंगात येत.

आणि स्वतः? स्वतः बळवंतराव नाक्यावर ओळखपत्राची कड खिशातून वर काढत आणि हळूच म्हणत, “स्टाफ.” दिल्लीत हा शब्द भल्याभल्या कलमांच्या पुढे जातो. सरकारी माणूस सरकारी माणसाला सोडतो, विषय संपतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण हे निखिलला ठाऊक नव्हतं.

“काका,” निखिल बाकावरून मराठीत म्हणाला, “ते चुकलेत हे त्यांना माहितीये. म्हणून तर डिलीट कर म्हणतायत. आपण वर तक्रार करू. तुम्हीच म्हणता ना, तक्रार करता येते म्हणून.”

“येते.”

“मग करू ना.”

बळवंतराव त्याच्या शेजारी बसले. आता बसायला परवानगी लागली नाही. बोलायचं होतं मानसबद्दल. बळवंतराव दिल्लीतल्याच एका मंत्रालयाच्या आस्थापना विभागात काम करत. निवड झालेल्या पोरांच्या फायली त्यांच्या टेबलावरून पुढे जात. मानस त्यातलाच एक, पार्किंगवरून भांडण झालं आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला. पहिल्यांदा विभागात आला तो पेढे घेऊन. नंतर नुसता यायचा, दारापाशी उभा राहून विचारायचा, “सर, कुछ हुआ?” त्याच्या फायलीवर ‘निकाल लागेपर्यंत प्रलंबित’ हा शेरा बळवंतरावांच्याच हस्ताक्षरात होता. नियमाप्रमाणे होता.

“आमच्याकडं एका पोराची केस होती,” ते म्हणाले. “त्याची काही चूक नव्हती. कोर्टानं सोडला त्याला.”

“मग?”

“मग काही नाही. तोवर त्याची जागा भरली होती. वय पण गेलं होतं.”

“माझ्याकडं व्हिडिओ आहे, काका.”

“असू दे. बाळा, नाव एकदा त्यांच्या कागदावर चढलं ना, मग पुसायला जन्म जातो. तुझा बाप तिकडं दुकानाच्या ओट्यावर झोपून तुला इथं शिकवतोय. माझं ऐक.”

“क्या बोल रहा है?” साहेबांनी विचारलं.

“जी, समझा रहा हूँ,” बळवंतराव म्हणाले. आपला आवाज त्यांना ओळखू आला. विभागात उपसचिव आले की याच आवाजात ते बोलत.

निखिल उठला. टेबलापाशी जाऊन त्याने मोबाइल घेतला आणि व्हिडिओ पुसला.

“बेटा, डिलीट होकर भी एक जगह पड़ा रहता है. वहाँ से भी,” साहेब म्हणाले.

त्याने तिथूनही पुसला. मग तो दारातल्या शिपायाकडे वळला. शिपाई त्याच्याच वयाचा असेल, तोही कुठल्यातरी गावाहून परीक्षा देऊन आलेला.

“सॉरी, सर.”

“हिंदी में,” शिपाई म्हणाला.

“माफ़ कर दीजिए.”

शिपायाने खिशातून किल्ली काढली. ती त्याने निखिलच्या हातात दिली नाही. त्याच्या खांद्यावरून हात लांब करून बळवंतरावांना दिली.

बाहेर ऊन होतं. बळवंतराव रिक्षाने आले होते, आता गाडी त्यांनी घेतली. निखिल मागे बसला. बसल्यावर नेहमीसारखा त्याने एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला. बळवंतरावांना भरून आलं. रागावला नाही पोरगा. समजून घेतलं त्यानं.

“काका, एक सांगा. बरोबर कोण होतं?”

“तूच होतास रे,” ते म्हणाले. “तू शंभर टक्के बरोबर होतास. म्हणून तर मी भ्यालो.”

“तुम्ही असता तरी हेच बोलला असता ना त्यांना? किल्लीचं?”

बळवंतरावांनी गियर बदलला. बसचा आवाज होता, त्याचा त्यांनी आसरा घेतला.

उड्डाणपुलाखाली दुसरी तपासणी लागली. वेगळा शिपाई, वेगळा कठडा. त्याने हात केला. बळवंतरावांनी गाडी हळू केली आणि त्यांचा डावा हात, त्यांना न विचारता, खिशाकडे गेला. ओळखपत्राची निळी कड वर आली.

“स्टाफ,” ते म्हणाले.

शिपायाने मान हलवली. गाडी थांबलीसुद्धा नाही.

थोडं पुढे गेल्यावर खांद्यावरचा हात उचलला गेला. निखिलने मागचा दांडा धरला असावा. बळवंतरावांना वळून बघायचा धीर झाला नाही. घरापर्यंत खांद्याची ती जागा त्यांना जाणवत राहिली.

दार मीनाक्षीकाकूंनी उघडलं. “इतका वेळ? मी तांदूळ धुऊन बसलेय केव्हाची. काय झालं?”

निखिल हेल्मेट न काढताच आत गेला आणि मोरीपाशी पाठमोरा उभा राहून मग ते काढून तोंड धुऊ लागला.

“काही नाही गं,” बळवंतराव म्हणाले. “चलान होतं. मिटलं.”

“पावती घेतलीत ना? का आम्हालाच शिकवता नुसतं?”

नळ चालू होता. बळवंतराव किल्ली हातात धरून उभे होते. पोराने सांगावं, सगळं सांगून टाकावं, असंही त्यांना वाटलं. निदान घरात तरी कुणीतरी खरं बोलावं.

“घेतली, काकू,” निखिल मोरीतून म्हणाला. “काकांनी बरोबर घेतली.”

काकू समाधानाने नारळ घेऊन आत गेल्या.

नेमणुकीचं पत्र आलं. पडताळणीत काही निघालं नाही. हैदराबादला रुजू व्हायला जाईपर्यंत निखिल रोज मेट्रोच्या स्टेशनपर्यंत पायी गेला. रात्री जेवताना तो काकांच्या समोरच बसे, मागितलं ते वाढून देई, विचारलं तेवढं बोले. बळवंतराव जेवताना आता कायद्यावर बोलत नसत. काकूंनी एकदा विचारलं, “आज वर्ग नाही का?” कुणी हसलं नाही.

गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला होती. निखिल बाहेर पडताना तिच्याखाली उभा राहून आपल्या चपला घाले आणि दार हलकेच ओढून घेई.