पिकअपच्या चाकाखालचा दगड

मी दगड बोलतोय. देवळातला नाही आणि बांधावरचाही नाही. कडाव गावात दशरथच्या घरापुढच्या उतारावर त्याची जुनी पिकअप उभी असते ना, तिच्या पुढच्या चाकाखालचा.

माझा जन्म ओढ्यातला. पिकअपचा स्टार्टर बिघडला त्या आठवड्यात दशरथच्या बायकोने, माधवीने, मला पारखून निवडलं आणि डोक्यावरून घरी आणलं. किल्ली फिरवली की गाडी नुसती ‘टक’ करायची. मग दशरथ ती उतारावर लावू लागला. सोडून दिली की गडगडत खाली जाऊन चालू व्हायची. हँडब्रेक नावालाच, म्हणून माझी नेमणूक.

पहाटे दुधाचे कॅन चढले की दशरथ आत बसून ब्रेक दाबायचा आणि माधवी वाकून मला दोन्ही हातांनी ओढून काढायची. “सुटला वो!” अशी तिची हाक, आणि गाडी चालली कर्जतला. तिच्या हातांना चुलीची ऊब असायची. या घरात माझ्यावाचून पान हलत नाही, असं मला वाटायचं.

ती कंबर धरून उठायची, हेही दिसायचं. पण मी काणाडोळा केला.

एका रविवारी ती म्हणाली, “माझी कंबर गेली. आज स्टार्टर लागला तर लागला, उद्यापासनं मी नाय वाकणार.”

दशरथ कर्जतहून नवे कार्बन, म्हणजे स्टार्टरमधले झिजणारे तुकडे, घेऊन आला. शेजारच्या सोनाबाई कुंपणावरूनच ओरडल्या, “दशरथ, वरच्या आळीतल्या हरेशसारखी नवी गाडी घे की रं!”

“घेतो काकी, आधी तुमची शेळी माझ्या बॉनेटवरनं उतरवा!”

“गाडी सपाट अंगणात तरी घ्या,” माधवी म्हणाली.

“अंगणात नेली नि जमलं नाय, तर सकाळी ढकलणार कोण? आपला दगड हाय की.”

आणि तो उतारावरच गाडीखाली शिरला. माधवी माझ्यावर पाय रोवून बसली.

त्याने स्टार्टर उतरवला, मांडीवर घेतला. डिझेलने धुतला, मऊ फडक्याने पुसला, कार्बन बदलले. वर माधवीचं विचारणं, “लागंल ना तो? बरा हुईल ना?” माझा जळफळाट झाला. ज्याने रोज दगा दिला त्याला मांडी, आणि अख्खी गाडी पेलणाऱ्या मला कधी कुणी साधं धुतलंही नाही! हा बरा होऊ नये, असंच मला वाटत होतं.

स्टार्टर बसवायला दशरथ पुन्हा खाली गेला. एक नट हटून बसला होता. त्याने पान्याला जोराचा झटका दिला, तशी गाडी हलली आणि मी मातीत बोटभर सरकलो.

“अवो!” माधवी किंचाळली. दोन्ही तळवे माझ्यावर दाबून धरले. त्या घटकेला स्टार्टर, हेवा, सगळं विसरलो. जमिनीत रुतून बसलो. चाक थांबलं.

दशरथ खालून म्हणाला, “काय झालं गं?”

“काय नाय,” ती म्हणाली. “लवकर आवरा नि भायेर या.” हात मात्र तिने तो बाहेर येईपर्यंत काढले नाहीत.

पहिल्याच किल्लीला गाडी बोलली. सोनाबाईंनी टाळ्या वाजवल्या. “स्टार्टर गुणाचा निघाला गं!” माझं नाव कुणी घेतलं नाही.

आता पिकअप सपाट अंगणात असते. मी इथेच, उताराच्या कडेला. शेळी माझ्यावर अंग घासते. पहाटे दशरथ एकटाच निघतो. माधवी उजाडेपर्यंत झोपते, आणि उठते ती कंबर न धरता. तिला झोपू द्या. माझी आठवण काढून कुणी उठवू नका, एवढीच विनंती.

पण थंडीत किल्ली फिरवल्यावर गाडी क्षणभर घुटमळली ना, की खरं सांगतो, मी कान टवकारून माधवीच्या पावलांची वाट बघतो.